फॉक्सप्रोने डॉट नेटच्या घरी नांदावे काय?

भिवंडीसारख्या गावात वसंतातील व्याख्यानासाठी संगणकाच्या एका भाषेचा विषय निवडावा, हे प्रथमदर्शनी काहीसे विपरीत वाटण्याचा संभव आहे. येथे बोलावे ते सुताविषयी, मागाविषयी, मजुरीविषयी. परंतु ज्या कापडाविषयी आपण एरवी बोलतो त्याचा हिशेब कोठे होतो, ते एकदा पाहावयास हवे. कारखान्याच्या माडीवर किंवा जिन्याखाली एक लहानशी खोली असते. शेजारी माग खडखडत असतात, टेबलावर सुताचा रोवा बसलेला असतो आणि मेहताजी एका जुन्या संगणकासमोर बसून पंधरवड्याचा पगार काढीत असतात. पडद्यावरची आज्ञावली पुष्कळदा फॉक्सप्रो नावाच्या भाषेत लिहिलेली असते. ती लिहून देणारा गृहस्थ कधीच गाव सोडून गेलेला असतो. आज्ञावली मात्र चालू असते.

मग एके दिवशी मालकाचा शिकून आलेला मुलगा विचारतो, 'हे सगळे आता डॉट नेटवर न्यावयाचे का?' मेहताजी गप्प बसतात. त्यांच्या गप्प बसण्यात भीती आहे हे खरे, पण नुसती भीतीच आहे असे मला वाटत नाही. त्यांना जे ठाऊक असून सांगता येत नाही, ते सांगण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे.

प्रथम फॉक्सप्रोचे कुळ पाहू. अमेरिकेत पॅसाडेना येथे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी नावाची अवकाशसंशोधनाची प्रयोगशाळा आहे. तेथे काम करणाऱ्या वेन रॅटलिफ ह्यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस घरच्या लहान संगणकासाठी एक आज्ञावली रचली. तीच पुढे अ‍ॅश्टन-टेट ह्या कंपनीने 'डीबेस टू' ह्या नावाने विकली. ओहायोतील फॉक्स सॉफ्टवेअर ह्या छोट्या कंपनीने तीच भाषा बोलणारे, परंतु कितीतरी वेगवान असे 'फॉक्सबेस' काढले आणि त्यातून १९८९ साली 'फॉक्सप्रो' आली. भाषा कोणाच्या मालकीची असू शकते काय, ह्यावर ह्या दोन कंपन्यांचा मोठा दावाही चालला. १९९० च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी अ‍ॅश्टन-टेटचा हक्कच अमान्य केला आणि पुढच्या वर्षी स्वतःचाच निर्णय फिरविला. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतली. १९९५ साली 'व्हिज्युअल फॉक्सप्रो' आली आणि २००४ च्या डिसेंबरात तिची नववी आवृत्ती निघाली. तीच शेवटची ठरली.

ह्या भाषेची खरी गोडी कशात होती? इतर भाषांत आकडेमोड करणारी भाषा एकीकडे आणि माहितीचे कोठार दुसरीकडे असते. दोघांमध्ये निरोप्या ठेवावा लागतो. फॉक्सप्रोत ती फारकत नाही. चोपडी उघडावी तसे टेबल उघडावयाचे, हव्या त्या नोंदीवर बोट ठेवावयाचे, आणि जेथे बोट आहे तेथली रक्कम हीच भाषेतील रक्कम. समजा, एका ताग्याची नोंद आहे : माग क्रमांक, कापडाची जात, लांबी १०० मीटर, इंचामागे ५२ पिक म्हणजे आडवे धागे, आणि मजुरीचा दर एका मीटरला पिकामागे १० पैसे. मीटरला ५ रुपये २० पैसे झाले, ताग्याचे ५२० रुपये झाले. फॉक्सप्रोत हा हिशेब मेहताजी तोंडाने सांगतात जवळजवळ त्याच क्रमाने लिहिता येतो. शोधण्याचे कामही तसेच. खतावणीला अनुक्रमणिका असावी तशी प्रत्येक टेबलाला सूची जोडलेली असते. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'रशमोर' नावाची युक्ती आली. तिच्यामुळे अनेक अटी घातलेला शोधही, टेबल पहिल्यापासून न चाळता, केवळ सूची एकमेकींवर ताडून लागू लागला. त्या काळच्या अल्पशक्ती संगणकांवर हे नवलच होते. भारतातील गल्लोगल्लीच्या संगणकवर्गांत फॉक्सप्रो शिकविली जाई ती उगीच नव्हे. वाणिज्य शाखेचा मुलगा काही महिन्यांत उपयोगी पडेल असे काहीतरी करून दाखवू शके.

आता दुसरा पक्ष. डॉट नेट ही भाषा नव्हे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. तो अनेक भाषांना खालून आधार देणारा मंच आहे. त्याला रनटाइम म्हणतात. जुन्या गिरण्यांत प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर नसे. छताशी एक लांब दांडा फिरत असे आणि त्यावरून पट्टे उतरवून शेकडो माग चालत. रनटाइम म्हणजे तसा सामाईक दांडा. भाषा कोणतीही असो, तिचे आधी एका मधल्या भाषेत रूपांतर होते आणि आज्ञावली चालतेवेळी रनटाइम त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. स्मरणातील निरुपयोगी जागा तोच झाडून काढतो, कोणती वस्तू कोणत्या प्रकारची ह्यावर तोच देखरेख ठेवतो. मायक्रोसॉफ्टने ही योजना २००० साली जाहीर केली आणि २००२ च्या फेब्रुवारीत तिची पहिली आवृत्ती आली. लाभ उघड आहेत : जाळ्यावरील सेवांशी बोलणे, सुरक्षित गुप्तलेखन, मोठे स्मरण, एका भाषेतील काम दुसरीला वापरता येणे. अट एकच. पट्टा दांड्यावर चढविला की मागाची गती आणि चालण्याची रीत दांडा ठरवितो.

फॉक्सप्रोचा पट्टा ह्या दांड्यावर चढवावा काय, हा वाद तेव्हापासूनचा आहे. १९९८ साली फॉक्सप्रोची सहावी आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ ह्या संचात इतर भाषांच्या पंक्तीला बसलेली होती. पुढचा संच डॉट नेटचा होणार असे ठरले तेव्हा सातवी आवृत्ती त्यातून बाहेर काढण्यात आली आणि २००१ मध्ये ती एकटीच विकावयास आली. ह्यामुळे फॉक्सप्रो वापरणारे दुखावले. आपल्याला पंक्तीतून उठविले असे त्यांना वाटले. उलट ज्यांना पंक्तीत बसविले त्या व्हिज्युअल बेसिकचे काय झाले ते पाहा. नाव तेच राहिले, पण नव्या मंचावर उतरताना भाषा इतकी पालटली की जुन्या आज्ञावल्या सरळ उचलून ठेवता येईनात. २००५ च्या मार्चमध्ये जुने व्हिज्युअल बेसिक चालू ठेवा, असे विनंतीपत्र त्या भाषेच्या जाणकारांनीच काढले. २००७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने सांगून टाकले की फॉक्सप्रोची दहावी आवृत्ती निघणार नाही. नवव्या आवृत्तीला असलेला कंपनीचा आधार १३ जानेवारी २०१५ रोजी संपला. ती आजच्या विंडोजवर चालते ती केवळ जुने सोसण्याच्या विंडोजच्या स्वभावामुळे.

माझे मत असे की, मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोला डॉट नेटमध्ये कोंबले नाही हे बरेच केले. कंपनीविषयीच्या प्रेमाने मी हे म्हणत नाही. भाषेचे अंतरंग खुले न करता तिचा विकास थांबविणे हा वापरणाऱ्यांवर अन्यायच होता, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतील फॉक्सप्रोवाल्यांनी तेव्हा त्याविरुद्ध मोठी मोहीमही केली. परंतु विकास थांबविणे आणि स्थलांतर न करणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्थलांतर का नको, ते चार लहान उदाहरणांवरून दिसेल. विषयाचे मर्म मला ह्या लहान गोष्टींतच दिसते.

पहिले उदाहरण पूर्णांक करण्याचे. मजुराचा पंधरवड्याचा पगार ४,३१२ रुपये ५० पैसे निघाला. फॉक्सप्रोला तो पुऱ्या रुपयांत सांगावयास लावले तर ती ४,३१३ म्हणते, कारण अर्धा आला की वर जावयाचे ही आपली शाळेतली रीत तिला मान्य आहे. डॉट नेटमधील तेच काम, काही वेगळे बजावून सांगितले नसेल तर, ४,३१२ म्हणते. त्याची रीत अशी की नेमका अर्धा आला तर जवळच्या सम संख्येकडे जावयाचे. सांख्यिकीच्या दृष्टीने ही रीत अधिक निर्दोष आहे. पण ज्याला गेल्या वर्षी तेवढ्याच कामाचा एक रुपया अधिक मिळाला होता, त्याला सांख्यिकी सांगून काय उपयोग? भिवंडीत पगाराच्या दिवशी एका रुपयावरून माग बंद पडण्यास वेळ लागत नाही.

दुसरे तुलनेचे. फॉक्सप्रोत दोन शब्द बरोबरीच्या चिन्हाने ताडून पाहिले आणि वेगळे काही बजावलेले नसले, तर उजवीकडचा शब्द जेथे संपतो तेथवरच ती पाहते. म्हणून 'कॅम्ब्रिक साठ' ही जात 'कॅम्ब्रिक' शी ताडली तर ती 'होय' म्हणते. जुन्या आज्ञावलीत कोणीतरी एक ओळ लिहिली, 'जात कॅम्ब्रिक असेल तर हा दर', आणि कॅम्ब्रिकच्या सगळ्या पोटजाती त्या ओळीत आपोआप सामावल्या. डॉट नेटमधील भाषा तंतोतंत तुलना करते. तीच ओळ तेथे नेली तर पोटजातींना दरच मिळत नाही. चूक कोणाची? ओळ तशीच आहे, अर्थ मात्र गेला.

तिसरे कोऱ्या तारखेचे. तागा रंगाईला गेला पण परत आला नाही, तर परतीच्या तारखेची जागा कोरी राहते. कोरी म्हणजे येणे बाकी. फॉक्सप्रोला कोरी तारीख समजते. डॉट नेटच्या साध्या तारखेला कोरेपण नाही. निष्काळजीपणे आणलेली कोरी जागा तेथे इसवी सन १ ची १ जानेवारी होऊन बसते, आणि दोन हजार वर्षांपूर्वी माल परत आला असे यादी सांगू लागते!

चौथे खोडलेल्या नोंदींचे. फॉक्सप्रोत नोंद खोडली की ती नाहीशी होत नाही. चोपडीत ओळीवर काट मारावी तशी तिच्यावर केवळ खूण होते, आणि टेबल आवळले जाईपर्यंत ती तेथेच असते. वर्षानुवर्षे न आवळलेली टेबले एखाद्या साधनाने नव्या कोठारात ओतली आणि खुणेकडे दुर्लक्ष झाले, तर मिटलेली देणी-घेणी पुन्हा जिवंत होतात.

आता विचार करा. फॉक्सप्रोला डॉट नेटवर आणणाऱ्याने ह्या सगळ्या सवयी जशाच्या तशा ठेवल्या, तर सामाईक दांड्याचा पुष्कळसा लाभ वाया जातो. सवयी टाकून दिल्या, तर नावापलीकडे फॉक्सप्रोचे काही उरत नाही. एका अक्षरसमूहात लिहिलेली आज्ञा चालतेवेळीच आज्ञा म्हणून अमलात आणण्याची जी फॉक्सप्रोची खास करामत आहे, तिचे तर प्रकार आधीच ठरवून बसलेल्या मंचाशी मुळातच वाकडे. तरीही प्रयत्न झाले. एक्स शार्प हा मुक्तस्रोत संकलक डॉट नेटवर चालतो आणि फॉक्सप्रोची बोली समजून घेतो. हे काम कष्टाचे आणि आदरणीय आहे. मोठमोठ्या आज्ञावल्यांचे धनी असलेल्यांना त्याचा उपयोग आहे. पण पन्नास मागांच्या कारखानदाराला त्यासाठी जो जाणकार लागेल, तो मिळाला तर नवी आज्ञावलीच लिहून घेणे बरे.

तर मग मुलाला काय उत्तर द्यावयाचे? येथे भिवंडीचाच अनुभव कामास येतो. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या 'पॉवरटेक्स इंडिया' ह्या योजनेचा प्रारंभ ह्याच गावी झाला. साधे यंत्रमाग जागच्या जागी सुधारण्याला साहाय्य, हा तिचा एक भाग होता. माग मोडीत काढावयाचा नाही. ताण्याचा धागा तुटला की माग थांबावा, बाण्याचा तुटला की थांबावा, बीमवरून ताणा बेताने सुटावा, ह्यासाठी जोडण्या बसवावयाच्या. धोटा जुनाच, पण कापडातले दोष कमी. ज्याला परदेशी बाजाराचे रुंद पन्ह्याचे कापड काढावयाचे असेल त्याला ह्याने भागणार नाही, त्याला बिनधोट्याचा मागच हवा. म्हणजे कोणते कापड काढावयाचे ते आधी ठरले की यंत्राचा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

हिशेबाचेही तसेच आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्यांना व्यापाऱ्याशी केलेल्या व्यवहाराचे बीजक सरकारी संकेतस्थळावर नोंदवून घेणे बंधनकारक झाले. तेथून ६४ अक्षरांचा एक क्रमांक मिळतो, आणि चौकोनी ठिपक्यांची जी खूण येते ती बीजकावर छापावी लागते. हे बोलणे जेसन नावाच्या मांडणीत आणि आधुनिक गुप्तलेखनातून चालते. फॉक्सप्रो जन्मली तेव्हा ह्यातले काहीच नव्हते. परंतु विंडोजवरील दुसऱ्या घटकाला हाक मारण्याची सोय तिच्यात आहे. गुप्तलेखनाचे आणि पाठवण्याचे काम करणारा एक लहान घटक डॉट नेटमध्ये लिहून घ्यावा, फॉक्सप्रोने त्याला बीजक द्यावे आणि क्रमांक परत घ्यावा. ही झाली धागा तुटताच माग थांबविणारी जोडणी. एवढ्याने ज्यांचे भागते त्यांनी सगळा कारखाना उलथून टाकू नये.

ज्यांचे भागत नाही त्यांची कारणे मात्र खरी आहेत. फॉक्सप्रोचे एक टेबल दोन गिगाबाइटच्या पुढे वाढू शकत नाही. लहान कारखान्याला ही मर्यादा जन्मात लागणार नाही, पण माणकोली, पूर्णा, काल्हेर ह्या बाजूच्या गोदामांत रोज हजारो खोकी आत-बाहेर होतात, तेथे ती लागू शकते. टेबले सामाईक तबकडीवर ठेवून अनेक संगणकांनी एकदम उघडण्याची तिची रीतही धोक्याची. लिहिता लिहिता वीज गेली की सूची आणि टेबल ह्यांचा मेळ तुटतो. योगायोग असा की, ज्या २००७ साली फॉक्सप्रोचे भवितव्य मिटले त्याच सालच्या जानेवारीत भिवंडीचे वीजवाटप टोरंट पॉवरकडे गेले. त्यापूर्वीच्या भारनियमनाच्या दिवसांत सूची पुन्हा बांधणे हे मेहताजींचे नित्यकर्मच असे.

पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण निराळेच आहे, आणि ते आपल्या भाषेचे आहे. फॉक्सप्रोत एका अक्षराला एकच बाइट. त्यात २५६ खुणा मावतात, त्याहून अधिक नाही. देवनागरी तीत बसवावयाची तर युक्ती करावी लागे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड ज्यांनी घेतले त्यांची मराठी 'इस्की' ह्या भारतीय प्रमाणात साठविली गेली. १९९१ साली ठरलेले हे प्रमाण उच्चाराच्या क्रमाने अक्षरे ठेवते, म्हणून ते आजच्या युनिकोडमध्ये आणणे फारसे अवघड नाही. परंतु बहुतेकांनी पुढे निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट वापरले. त्यात उच्चार नव्हे, अक्षराचे आकार साठविलेले असतात. 'कि' मधील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधी ठेवलेली, आणि युनिकोडमध्ये ती 'क' नंतर हवी. 'सूर्य' मधील रफार वर दिसतो म्हणून शेवटी ठेवलेला, आणि युनिकोडमध्ये 'र' आधी हवा. प्रत्येक फॉन्टची खूणगाठ वेगळी. तो फॉन्ट हरवला की मजुराच्या नावाच्या जागी निरर्थक इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. ज्या गावात मराठीबरोबर उर्दू आणि तेलुगूही घराघरांत बोलली जाते, तेथे एकाच यादीत तिन्ही लिपींतील नावे फॉक्सप्रोला सांभाळता येणार नाहीत. डॉट नेटमध्ये अक्षरसमूह मुळातच युनिकोडचा आहे. येथे जोडणीने भागत नाही, येथे घर बदलावेच लागते.

घर बदलताना मात्र आज्ञावली ओळीओळीने भाषांतरित करू नये. आधी टेबले एखाद्या खुल्या कोठारात न्यावीत : खोडलेल्या नोंदी वगळून, कोऱ्या तारखा कोऱ्याच ठेवून, नावे युनिकोडमध्ये आणून आणि ती नावे त्या माणसांना वाचून दाखवून. मग मेहताजींना शेजारी बसवून जुन्या आज्ञावलीतील दराचे, कपातीचे, डागी मालाचे नियम मराठीत कागदावर उतरून घ्यावेत. अनेक नियम असे निघतील की जे मालकालाही ठाऊक नाहीत. त्यानंतरच नवी आज्ञावली लिहावयास घ्यावी, आणि निदान सहा पंधरवडे दोन्हींवर पगार काढून पैशापैशाने ताडून पाहावा. तफावत निघाली तर ती रुपयापुरती आहे म्हणून सोडून देऊ नये. तिच्यामागे बहुधा एखादा न उतरविलेला नियम असतो.

जुना संगणक लगेच भंगारात देऊ नये. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, आणि विचारणा आली तर बीजक त्या वेळी जसे छापले तसे दाखविता आले पाहिजे. तोवर तो कोपऱ्यात असू द्यावा. फॉन्टसह.